न तुटणारी गुडगुड

मी कोबीचं पिंप बोलतोय. हसू आलं असेल तर आधी हसून घ्या. घड्याळानं, छत्रीनं आपली कहाणी सांगितली तर लोक कौतुकानं ऐकतात. पिंपानं तोंड उघडलं की आधी वास येतो आणि मग शब्द. पण ही हकिकत पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, आणि माझ्या फळ्या आता खिळखिळ्या झाल्यात. तेव्हा सांगून टाकतो.

मी स्वभावानंच काळजीखोर. आतलं बाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढंच पिंपाचं काम, त्यामुळं खाली जमिनीवर ओला ठिपका दिसला तरी माझा जीव खालीवर होतो. उन्हाळ्यात रिकामा असताना फळ्या सुकून कड्या सैल पडतील याची काळजी, हिवाळ्यात भरलेला असताना तोटी ठिबकेल याची. त्यात पाच वर्षं एका पोरीचं गुपित सांभाळायचं माझ्यावर आलं. माझे काय हाल झाले असतील ते बघा.

मी ओकच्या लाकडाचा. रोदोपी डोंगराच्या पायथ्याशी बोगदान नावाचा एक सुतार होता, त्यानं फळ्या आगीवर शेकून, वाकवून, लोखंडी कड्या ठोकून मला उभा केला. खरं तर माझी नेमणूक वाइनसाठी होती. पण पहिल्याच वर्षी माझ्यातली वाइन फसली, तिचं व्हिनेगर झालं. मालकानं एक घोट घेतला, थुंकला आणि म्हणाला, "याला कोबीला लावा." या तळघरात समोरच्या भिंतीशी वाइनची तीन पिंपं बसतात, ती तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

आमच्याकडे नोव्हेंबरात कोबी घालतात. अख्खे गड्डे, प्रत्येकाचा दांडा कोरून त्यात जाडं मीठ, वर पाणी, मध्ये मक्याचं एखादं कणीस, आणि सगळं दाबून धरायला नदीतला गोटा. लोकांना वाटतं, झालं काम. नाही हो. कोबीला फुंकावं लागतं. रबराची नळी तळापर्यंत सोडायची आणि वरून तोंडानं हवा भरायची, म्हणजे तळाशी बसलेलं मीठ गुडगुडत वर येतं. पहिले पंधरा दिवस रोज, मग दोन-तीन दिवसांनी. यात कुणी आळस केला की पानं बुळबुळीत होतात, आणि ज्या घरचा कोबी बुळबुळीत झाला त्या घरच्या बाईला अख्खा हिवाळा गल्लीत तोंड दाखवायची सोय राहात नाही.

मालकाला दोन मुलगे होते. थोरला रांगेल, धाकटा स्तामात. फुंकायचं काम त्या दोघांकडं. रांगेल तीनदा फुंकायचा आणि मग भिंतीला टेकून धापा टाकायचा. स्तामातची तऱ्हा वेगळी होती. तो गालात हवा साठवायचा, गालांनी ती नळीत ढकलता ढकलता नाकानं नवा श्वास ओढायचा. त्यामुळं माझ्या पोटातली गुडगुड तुटतच नसे. रांगेल वडिलांचं घड्याळ हातात धरून मोजायचा.

"पाच मिनिटं वीस सेकंद," तो ओरडायचा. "आई, खाली ये. आपला स्तामात मासा आहे, याला श्वासच लागत नाही."

तेव्हा त्याला भावाचा केवढा अभिमान होता. मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्या श्वासाच्या जोरावर स्तामात क्लॅरिनेट वाजवायला लागला आणि पंचक्रोशीतल्या लग्नांचा राजा झाला. आमच्याकडं लग्न म्हणजे दोन-दोन दिवस नाच, आणि वाजवणारा थांबला की नाच थांबतो, म्हणून न थांबणाऱ्याला मागणी. प्रत्येक टेबलावरून त्याच्यापुढं राकियाचा, म्हणजे फळांच्या कडक दारूचा, पेला येई, आणि नाही म्हणणं त्याला जमत नसे. रांगेल तोवर सिमेंटच्या कारखान्यात लागला होता, लग्न झालं होतं, बायको पेन्का गरोदर होती. एका जानेवारीत स्तामात सहा किलोमीटरवरच्या गावातल्या लग्नाहून चालत निघाला तो घरी पोचलाच नाही. सकाळी दुधाच्या गाडीवाल्याला तो रस्त्याकडेला बर्फात सापडला. क्लॅरिनेट कोटाच्या आत छातीशी धरलेली होती, तिला बर्फ लागलेलं नव्हतं.

चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेची वाट न बघता रांगेलनं बायकोला सांगितलं, "ही वस्तू उद्या घरात दिसली तर चुलीत घालीन."

"विकून टाकते," पेन्का म्हणाली.

पेन्कानं ती विकली नाही. मेणकापडात गुंडाळून, पिठाच्या जुन्या पोत्यात घालून माझ्यामागं, भिंत आणि मी यांच्यातल्या फटीत सरकवली. माझ्यावर हात ठेवून नुसती उभी राहिली. नंतर दर उन्हाळ्यात मी रिकामा झालो की तिला माझ्या आत ठेवायची आणि नोव्हेंबरात कोबी आला की परत मागं. मी पहिल्या दिवसापासून घाबरलेलो. फटीत हात घालणं काय अवघड आहे? एखादा उंदीर निघायचा, रांगेल काठी घेऊन यायचा, आणि मग?

वसंतात त्यांना मुलगी झाली, नेवेना.

कोबी घालायच्या आधी पिंप आतून घासावं लागतं, आणि मोठ्या माणसाला आत उतरता येत नाही. म्हणून सहा वर्षांची झाल्यावर नेवेनाला काखेत धरून माझ्यात सोडलं. हातात ब्रश, डोक्यावर आईचा रुमाल. तिनं घासता घासता गुणगुणायला सुरुवात केली आणि थबकली. तिचाच आवाज तिच्याभोवती फिरत होता. मग तिनं एकेक सूर लावून बघितला, कुठला माझ्या फळ्यांत जास्त घुमतो ते. अर्धा तास झाला तरी ती वर येईना.

"अगं, पिंप घासतेस की त्याला अंगाई म्हणतेस?" वरून रांगेल हसत म्हणाला.

मला ती पोर तेव्हापासून आवडते, आणि तेव्हापासूनच माझी धाकधूक दुप्पट झाली.

तेरा वर्षांची असताना फटीत पडलेला ब्रश काढायला तिनं हात घातला आणि पोतं बाहेर आलं. मेणकापड उलगडलं. काळं लाकूड, चांदीच्या चाव्या. ती नुसती बघत राहिली. पेन्का लोणच्याच्या बरण्या न्यायला खाली आली आणि जिन्यातच बसली.

"आई, हे कुणाचं?"

"तुझ्या काकाचं. ठेव जागच्या जागी."

"मी वाजवून बघू?"

"बाबांना कळलं ना, तर आधी ही चुलीत जाईल आणि पाठोपाठ मी." मग पेन्का म्हणाली, "ते कारखान्यात असतात तेव्हा बघ. एकदाच."

एकदाच म्हणे. आयांच्या 'एकदाच'वर कुणी विश्वास ठेवलाय?

तिला शिकवलं म्हाताऱ्या कोस्तानं. हा ॲकॉर्डियन वाजवायचा, स्तामात ज्या ताफ्यात होता तो ताफा याचाच. गावातल्या वाचनालयाच्या हॉलात आठवड्यातून दोनदा ती त्याच्याकडं जायची, आणि घरी नाव होतं रसायनशास्त्राच्या शिकवणीचं. कारण रांगेलचं एकच स्वप्न होतं, नेवेनानं औषधांच्या दुकानात उभं राहावं. जेवताना तो ते इतक्यांदा बोलायचा की मला जमिनीखालून पाठ झालं होतं. "पांढरा कोट. हिवाळ्यात गरम खोली. संध्याकाळी आठला दाराला कुलूप, साडेआठला माणूस आपल्या घरात. याला म्हणतात धंदा."

आणि रेडिओवर लग्नातलं वाजवणं लागलं की उठून बंद करायचा. "वाजंत्र्याला पंगतीत शेवटी वाढतात आणि जाताना आधी विसरतात," म्हणायचा.

नेवेना सतरा वर्षांची झाली तेव्हा सिमेंटनं रांगेलच्या छातीचं वाटोळं केलं. डॉक्टरांनी काम सोडायला लावलं. आता तो दिवसभर घरात, माझ्या अगदी डोक्यावर, शेगडीशेजारच्या खुर्चीत. झालं माझं मरण. पूर्वी संध्याकाळी सहापर्यंत तरी मी निर्धास्त असायचो. आता खुर्ची करकरली तरी माझ्या कड्या ताठ व्हायच्या.

पण छाती गेल्यामुळं कोबी फुंकायचं काम नेवेनाकडं आलं. रांगेलनं स्वतः खाली येऊन तिला शिकवलं. "गाल फुगव. गालात साठव. आणि नाकानं... ते राहू दे. दम लागला की थांबत जा." त्याला वरून गुडगुड ऐकू यायची, त्यामुळं पोरगी कामात आहे हे त्याला कळायचं. ती पाच मिनिटं फुंकायची आणि अर्धा तास वाजवायची, क्लॅरिनेटच्या खालच्या रुंद तोंडात लोकरी मोजा कोंबून, खालच्याच सुरांत. तेवढा वेळ पेन्का वर खलबत्त्यात अक्रोड कुटायची.

"किती अक्रोड फोडतेस गं?" रांगेल विचारायचा. "बकलाव्याच्या नावानं महिना झाला ठोकतेयस, बकलावा काही ताटात येत नाही."

"तुमच्या तोंडाला चव कुठाय, म्हणून करत नाही."

"मग फोडतेस कशाला?"

"सवय झालीय."

मला हसू यायचं आणि घामही फुटायचा. पिंपाला घाम फुटला की घरचे म्हणतात, हवा दमट आहे.

ती अठरा वर्षांची होती त्या वर्षीची ही गोष्ट. कोस्ताचा क्लॅरिनेटवाला जर्मनीला निघून गेला आणि ताफ्याला नवा माणूस हवा होता. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी अकरा वाजता वाचनालयात तो सगळ्यांना ऐकणार होता. प्लोव्दिवहून दोन पुरुष येणार होते, चांगले दाढीवाले. नेवेनाला त्यानं सरळ सांगितलं होतं, आणि तिनं ते आईला माझ्यासमोर सांगितलं. "तो म्हणतो, तुझी बोटं चांगली आहेत, पण बोटं सगळ्यांचीच असतात. श्वास न तोडता चार मिनिटं वाजवलंस तर घेतो, नाहीतर मैत्रीखातर घेणार नाही. आई, हे झालं तर मी वाजवूनच जगेन. नाही झालं तर जानेवारीत बाबांनी नाव घातलंय त्या औषधांच्या वर्गाला जाईन आणि परत हे नाव काढणार नाही."

"आणि झालं तर बाबांना कोण सांगणार?"

नेवेनानं नळी उचलली.

न तुटणारा श्वास साधायला तिला एकच जागा होती, मी. वाजवताना मोजा कोंबावा लागे, पण नळीला कसली भीती? ती कोबीच फुंकत होती. महिनाभर तिनं माझ्यात श्वास ओतला. आधी दहा सेकंदांवर तुटायचा, मग वीस. नाकात पाणी जायचं, ठसका लागायचा, खारं पाणी तोंडावर उडायचं. एक दिवस मात्र जमलं. माझ्या पोटात ती गुडगुड सुरू झाली आणि चालूच राहिली, आणि मला अंगभर ओळख पटली. अठरा-एकोणीस वर्षांत माझ्यात असं कुणी फुंकलं नव्हतं. मी आनंदानं वेडा झालो. आणि त्या आनंदात एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, तिच्याही आली नाही. ही गुडगुड ओळखणारं घरात आणखी एक जण होतं.

गुरुवारी दुपारी ती नळी तोंडात धरून बसली होती, पाठ जिन्याकडं. दोन मिनिटं झाली, तीन झाली. वर खुर्ची करकरली. मग जिन्याचं दार. रांगेल हळूहळू खाली यायला लागला. पाचव्या पायरीवर थांबला, कठड्याला धरून. त्याच्या हातात काही नव्हतं, पण डावा अंगठा उगाच हलत होता, घड्याळाची चावी फिरवावी तसा. मला काही करून पोरीला सावध करायचं होतं. मी काय करणार? पिंपाला खोकता येत नाही. तोटी गळावी म्हणून मी जन्मात पहिल्यांदा प्रार्थना केली, पण ती मेली घट्ट बसलेली.

तो सगळं ऐकत उभा राहिला. तोंड पांढरंफटक. मग वळला आणि वर गेला. तिला पत्ताच नाही.

संध्याकाळी सूपाचे वाडगे वाजले आणि वरून त्याचा आवाज आला. "उद्यापासून कोबी मी फुंकणार. तळघराची किल्ली माझ्याकडं राहील."

"अहो, तुमची छाती..."

"माझी छाती माझ्याजवळ आहे, पेन्का. सूप वाढ."

नंतर तळघराच्या बंद दारापाशी मायलेकींची कुजबुज झाली.

"कळलं का गं त्यांना?"

"कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं."

"तेच तर. गप्प बसलेत. आई, ती आतच आहे. परवा शनिवार आहे."

"मला माहितीय परवा शनिवार आहे."

नेवेनाचं रडणं ऐकून मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं आतलं बाहेर जाऊ न देण्याचा मला केवढा गर्व, आणि गुपित फुटलं ते माझ्याच पोटातल्या आवाजानं.

शुक्रवारी सकाळी तो आला. आतून दार लावलं. नळी घेतली, फुंकलं. तीन-चार बुडबुडे आले आणि त्याला खोकला लागला तो थांबेचना. बादली पालथी घालून त्यावर बसला. बसल्या बसल्या त्याची नजर माझ्यामागच्या फटीकडं गेली, आणि मी मनात म्हटलं, संपलं.

त्यानं पोतं ओढलं. मेणकापड उलगडलं. क्लॅरिनेट बाहेर काढून उजेडात धरली. चाव्या पुसलेल्या, बुचांना चरबी लावलेली, तोंडाची बोरूची पट्टी नवीकोरी. ही वस्तू कुणीतरी जीवापाड सांभाळलीय हे आंधळ्यालाही कळलं असतं. कोपऱ्यात बरण्या उकळायची शेगडी होती, काड्यापेटी तिच्यावरच. त्यानं तिकडं पाहिलं. माझ्या कड्या एवढ्या आवळल्या गेल्या की वरचा गोटा हलला.

तो क्लॅरिनेटचा वास घेत होता. "कोबी," तो म्हणाला. मग तो बोलायला लागला. माझ्याशी नव्हे, ज्याच्याशी होता तो तिथं नव्हता.

"तू त्या दिवशी टेलिफोन केला होतास, स्तामात. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पेन्कालाही नाही. म्हणालास, दादा, गाडी घेऊन ये, पाय चालत नाहीत. मी अंथरुणात होतो. ऊब होती. म्हटलं, चालत ये, जरा उतरेल तरी. आणि फोन ठेवला." तो बराच वेळ खोकला. "मी वाजवण्याला शिव्या दिल्या. अठरा वर्षं दिल्या. काय करणार होतो दुसरं? आता ही पोर तुझ्यासारखी फुंकते. उद्या हिचा फोन आला तर?"

एवढ्या वर्षांत मी त्याला कडू माणूस समजत होतो. तो भ्यालेला माणूस होता. माझ्याहूनही जास्त.

त्यानं क्लॅरिनेट कोटात घातली आणि वर निघून गेला. चुलीत घातली का, कपाटात ठेवली, मला काही कळलं नाही. मला खरंच सांगायचं तर ती रात्र मी कशी काढली ते आठवतही नाही.

शनिवारी सकाळी दाराला किल्ली तशीच लटकत होती. नेवेना धावतच खाली आली, गुडघ्यांवर बसली आणि फटीत हात घातला. पोतं रिकामं. तिनं पुन्हा चाचपलं, खांद्यापर्यंत हात घालून. मग कपाळ माझ्या फळीला टेकवून ती हुंदके देऊन रडली. तिचे हुंदके माझ्यात घुमत होते.

"ऊठ," जिन्यातून आवाज आला.

रांगेल पूर्ण कपडे करून उभा होता. बूट, टोपी, जाड कोट. पाठीमागं पेन्का, हातात अर्धा अक्रोड तसाच.

"बाबा, मी सांगणार होते..."

"आधी कोबी फुंक. दोन दिवस झाले नीट फुंकलेला नाही."

"बाबा, ती कुठाय?"

"फुंक म्हणतो ना."

त्यानं खिशातून वडिलांचं जुनं घड्याळ काढलं आणि पालथ्या बादलीवर बसला. नेवेनानं नळी तोंडात धरली. गुडगुड सुरू झाली, आणि पाऊण मिनिटात तुटली. रडून रडून नाक चोंदलं होतं. नाकानं श्वास येणार कुठून?

"पुन्हा."

पुन्हा तुटली. याला सूड घ्यायचाय, मला वाटलं. पोरीच्या तोंडून पोरीलाच नापास करायचंय.

रांगेलनं खिशातला रुमाल काढून तिच्यापुढं धरला. "शिंकर नाक. चांगलं जोरात. लग्नात रडायचं काम नवरीच्या आईचं असतं, वाजवणाऱ्यानं रडायचं नसतं. तुझा काका निघायच्या आधी तोंडावर गार पाणी मारायचा. ते मार."

तिनं कोपऱ्यातल्या नळाचं पाणी तोंडावर मारलं. नाक शिंकरलं. नळी धरली. यावेळी मीही श्वास धरला, खोटं नाही सांगत. एक मिनिट झालं. दोन. तिचे खांदे खाली आले. तीन. पेन्काचे ओठ हलत होते. चार. गोट्याभोवती फेस नाचत होता आणि तो आवाज कुठंही, केसभरही तुटत नव्हता.

"चार मिनिटं चाळीस," रांगेल म्हणाला. घड्याळ बंद केलं. "त्याच्याइतकं नाही. पण कोस्ताला चालेल. तुझ्या आईनं रात्री सगळं सांगितलंय." आणि कोटाची बटणं सोडून आतून, छातीशी धरलेली क्लॅरिनेट काढून त्यानं तिच्या मांडीवर ठेवली. "हिला थंडीत गार होऊ द्यायचं नसतं म्हणे. म्हणून आत ठेवली."

नेवेनानं ती दोन्ही हातांनी धरली.

"माझी एकच अट आहे," तो म्हणाला, आणि आता त्याचाच आवाज तुटत होता. "जिथं वाजवशील तिथं मी सोडणार आणि मीच आणणार. लग्न दोन दिवस चालू दे, मी दाराशी गाडीत बसून राहीन. तू एकटी चालत यायचं नाहीस. कधीच नाही. हे कबूल असेल तर चल, गाडी तापवून ठेवलीय."

"कबूल," ती म्हणाली. मग बापाच्या गळ्यात पडली, आणि पेन्कानं हातातला अक्रोड खाऊन टाकला.

पुढचं मी ऐकीव सांगतो. वाचनालयात पहिली चाल तिची बिघडली. दाढीवाल्यांपैकी एक जण म्हणाला, या वाद्याला कसला वास येतोय. कोस्ता म्हणाला, "कोबीचा आहे, गप ऐक." दुसऱ्या चालीला तिनं श्वास तोडला नाही. पहिल्या हिवाळ्यात तिला दुय्यम जागा मिळाली, त्यातल्या निम्म्या लग्नांत ती भीतीनं चुकली असंही ऐकलं. घरी येऊन सांगायची आणि रांगेल चिडायचा, वाजवण्यावर नव्हे, चुकण्यावर.

चार हिवाळे तो लग्नांच्या दाराशी बसला. पायांवर घोंगडी, शेजारी चहाचा थर्मास. लोक आत बोलवायचे, तो जायचा नाही. मग कुणीतरी ताटलीभर मटण गाडीतच आणून द्यायचं.

आता सहा वर्षं झाली. त्याला जिना उतरता येत नाही, गाडी तर दूरच. ताफ्याची व्हॅन नेवेनाला अगदी फाटकापर्यंत सोडते, हा नियम कोस्तानं आणि त्यानं मिळून केलाय. आता ताफ्यात पहिली जागा तिची. लग्नं संपवून सोमवारी ती घरी येते आणि कोट काढायच्या आधी तळघरात उतरते. रांगेलचा पलंग माझ्या अगदी डोक्यावर लावलाय. गुडगुड सुरू झाली की तो काठीनं जमिनीवर एकदा ठोकतो. म्हणजे मोजायला लागला. शेवटी दोन ठोके पडले की तो समाधानी आहे. गेल्या सोमवारी दोन ठोके फार उशिरानं पडले. तेवढ्या वेळात माझं काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

माझी एक फळी खाली कुजलीय. रोज थोडं ठिबकतं. पेन्का परवा म्हणाली, पुढच्या वर्षी बाजारातून निळं प्लॅस्टिकचं पिंप आणू, हलकं असतं, धुवायला सोपं. आणा. मला वाईट वाटणार नाही, म्हणजे वाटेल, पण आणा. मला फोडून शेगडीत घातलंत तरी चालेल, ओक चांगला जळतो.

फक्त एवढं करा. नवं पिंप माझ्याच जागेवर ठेवा, भिंतीपासून वीतभर पुढं. फुंकायला तिलाच पाठवा आणि जिन्याचं दार उघडं राहू द्या. वर पलंगावर एक माणूस घड्याळ हातात धरून बसलेला असतो. त्याला ती गुडगुड मध्येच तुटलेली आता सोसणार नाही.